कडेची पट्टी कापू नका

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीत १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धावरचा लेख वाचला, लेख छानच झालाय पण सोबतच्या रंगीत चित्राखाली नुसतं 'युद्धातील एक दृश्य' एवढंच छापलंय, ना चित्रकाराचं नाव ना साल, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणार की कुणीतरी रणांगणात उभं राहून काढलंय. तसं नाहीये हो ते!

ही लाकडी ठशांनी छापलेली युद्धचित्रं, जपानीत सेन्सो-ए म्हणतात. कोबायाशी कियोचिका, मिझुनो तोशिकाता, मिगिता तोशिहिदे अशा चित्रकारांनी ढिगाने काढली. कुबोता बेइसेनसारखे मोजकेच चित्रकार प्रत्यक्ष युद्ध चालू असलेल्या कोरियात गेले, बाकी बहुतेक जण घरी बसून पेपरात आलेल्या बातम्यांवरून चित्र रचायचे, मग कोरणारा ते चेरीच्या लाकडावर कोरायचा, छापणारा एकेका रंगाचा वेगळा ठसा लावून हाताने छापायचा आणि बातमी ताजी आहे तोवर चित्र दुकानात. घाई असायचीच.

त्या घाईत काय होतं बघा. गोळी लागली तरी मरेपर्यंत बिगुल वाजवत राहिलेल्या एका जपानी सैनिकाची गोष्ट तेव्हा देशभर गाजली, शिराकामी गेन्जिरो या नावाने चित्रं निघाली, गाणी निघाली, आणि नंतर सांगण्यात आलं की तो शिराकामी नव्हताच, किगुची कोहेई होता. मग शाळेच्या पुस्तकात किगुचीचं नाव आलं, पण आधी छापलेल्या चित्रांवर जुनं नाव तसंच राहिलं.

शिवाय या चित्रांत जपानी सैनिक गडद युनिफॉर्ममध्ये ताठ उभे, आणि चिनी मात्र वेण्या उडवत, तोंडं वेडीवाकडी करून पळताना किंवा पायाखाली पडलेले. नोव्हेंबर १८९४ मध्ये चीनमधलं पोर्ट आर्थर हे बंदर घेतल्यावर जपानी सैन्याने तिथल्या सामान्य लोकांची कत्तल केली, ते परदेशी बातमीदारांनी तेव्हाच लिहिलं होतं, पण मी पोर्ट आर्थरची जेवढी चित्रं पाहिलीत त्यात फक्त विजय दिसतो.

म्हणून ती छापू नका असं मी अजिबात म्हणत नाही. कियोचिकाने रंगवलेली रात्र, बर्फ, आगीच्या उजेडात काळ्या दिसणाऱ्या आकृत्या, हे बघताना मी तासन् तास हरवून जातो, आणि एकच चित्र तीन कागदांवर छापलेलं असलं की ते शेजारी जोडल्यावर केवढं मोठं दृश्य उभं राहतं!

माझं म्हणणं एवढंच आहे की या चित्रांच्या कडेला बारीक अक्षरात छपाईची तारीख, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला असायचा, आणि नेमकी तीच पट्टी तुमच्या पानावर क्रॉप झालीय. पुढच्या वेळी ती ठेवा, खाली मराठीत नाव आणि साल टाका, आणि चित्रकार तिथं नव्हता हे माहीत असेल तर तेही एका ओळीत लिहा. जागा नसेल तर चित्र थोडं लहान छापा, चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे