बाबा, ७० लाखांवर सही करू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर घराच्या विम्याचं काढलं की बाबा "हो हो, पाहतो" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई विचारते, जेवलीस का. म्हणून हे पत्र. दुपारी कूलरसमोर बसून, चष्मा लावून वाचा.

बाबा, एजंटच्या फॉर्मवर ७० लाख लिहू नका. तो आपल्या घराचा प्लॉटसकट बाजारभाव झाला. प्लॉट जळत नाही की वाहून जात नाही. विमा बांधकामाचा असतो, म्हणजे घर पडलं तर तेवढंच पुन्हा उभारायला आज जो खर्च येईल त्याचा. आपलं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ९०० चौरस फूट. फुटाला २,००० रुपये धरले तर १८ लाख होतात. खरा दर कोपऱ्यावर काम चाललंय त्या ठेकेदाराला विचारा, तुमच्याशी गप्पा मारायला तो एका पायावर तयार असतो. वरच्या ५२ लाखांचा हप्ता भराल, पण भरपाई बांधायच्या खर्चाएवढीच मिळेल.

पॉलिसी 'भारत गृह रक्षा' हे नाव घेऊनच मागा. १ एप्रिल २०२१ पासून ती सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच मसुद्याची आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे सगळं त्यात येतं. पण घर आणि सामान, दोन्ही घ्यायचं. तसं घेतलं की घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलं जातं, यादीही द्यावी लागत नाही. आपल्याला ३ लाख ६० हजार.

सामानावर एवढा जोर का, ते मावशीला विचारा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा तिच्या हॉलमध्ये फ्रिज तरंगत होता, वर्षाचा गहू गेला, दिवाण फुगून फुटला. पॉलिसी होती ना! गृहकर्जाबरोबर काढून दिलेली, नुसत्या भिंतींची. भिंती जागच्या जागी उभ्या, त्यामुळे गव्हाचे नि फ्रिजचे शून्य रुपये मिळाले. आपल्या लोखंडी कपाटात बाबांनी जपून ठेवलेली पॉलिसीही तसलीच आहे, आणि कर्जाबरोबर तिची मुदतही संपली.

आई, तुझ्या पाटल्या आणि गोफ या सामानात धरत नाहीत. दागिन्यांचा विमा वेगळा सांगून घ्यावा लागतो. तुम्ही उन्हाळ्यात कुलूप लावून पुण्याला येता, तेव्हा घरफोडी झाली तर? तीही यात नाही. आग किंवा पूर आला आणि त्यानंतर सात दिवसांत चोरी झाली, तरच ती धरतात. एरवीसाठी घरफोडीचं वेगळं कव्हर लागतं. ते घ्याच, दोन महिने घर बंद असतं आपलं.

कूलरची मोटर शॉर्ट होऊन जळाली तर मोटरचे पैसे नाहीत, पण त्या ठिणगीनं पडदे नि दिवाण पेटले तर त्यांचे मिळतील. मागच्या खोलीचा स्लॅब पावसाळ्यात पाझरतो, तो आपला आपणच दुरुस्त करायचा, ती झीज झाली. पाण्याची टाकी फुटून किंवा ओसंडून झालेलं नुकसान मात्र चालतं. म्हणून बाबांनी टाकीची मोटर सुरू ठेवून झोपायचं असं नाही.

एक काम आजच करा. प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि टीव्ही-फ्रिजच्या बिलांचे फोटो मला पाठवा. पुरात बिलंही वाहून जातात, मावशीची गेली.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते. एजंटला रविवारी बोलवा, माझ्यासमोर. आणि आई, सांभारवड्या कर, सारण तिखट कर.

तुमची,
मनू