येळवशीच्या दिवशी दुकान उघडं ठेवणाऱ्या भावास

प्रिय भाऊ,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, "बाई, नाव नका टाकू, मालक म्हणतील हा पोरगा गिऱ्हाईक माघारी लावायलाय." म्हणून नुसतं भाऊ, मेडिकलच्या दुकानातले. उदगीरातली ओळखायची ती माणसं ओळखतीलच.

हे पत्र मी जानेवारीपासून लिहायलेय. दोन ओळी झाल्या की डोळ्यांत पाणी यायचं आणि वही मिटून ठेवायचे. आता येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, परत आठ दिवसांवर आलीय. म्हटलं, आज पुरं करायचंच.

मागचं थोडं सांगते, वाचणाऱ्यांसाठी. 2023 साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले आणि त्याच दिवाळीत डाव्या बरगडीवर नागीण निघाली. लहानपणी येऊन गेलेल्या कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून बसतो आणि उतारवयात कधीतरी उठतो, त्याचं हे दुखणं. हे आता पाठ आहे. तेव्हा मात्र गल्लीनं, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, म्हणून घाबरवलं, गेरूचा लेप लावला, आणि ज्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हायला पाहिजेत त्या मला आठव्या दिवशी मिळाल्या. पुरळ वाळलं, दुखणं राहिलं. पदर नुसता घासला तरी तापल्या तव्याला अंग लागल्यासारखी आग व्हायची. वर्षभर मी धुवून धुवून मऊ झालेलीच लुगडी नेसले.

पण त्या आगीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या गोळ्यांची. खरं म्हणजे गोळ्यांचीही नाही, त्या लिहून देऊन मान वर न करणाऱ्यांची.

लातूरच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. महिन्याभरात उतार पडेना म्हणून मुलानं नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रात्रीची दुसरी लिहिली. मी विचारलं, आधीची चालू ठेवू का? ते मोबाईलवर बोलत होते, हातानंच 'चालू द्या' केलं. तो हात मी आयुष्यभर विसरणार नाही. मग पाय सुजले, तर तिसऱ्यांनी लघवीची गोळी दिली. तिनं उठलं की चक्कर. चक्कर येते म्हटलं तर आणखी एक गोळी. दिसायला धूसर झालं म्हणून चष्म्याचा नंबर बदलून दिला गेला. सहा किलो वजन वाढलं, त्यावर 'चालत जा' हा सल्ला. तोंड असं कोरडं की भाकरीचा घास जिभेला चिकटून बसायचा. आणि पोट पाच-पाच दिवस साफ नाही. हे शेवटचं कुणाला सांगायचं? तुमच्या दुकानात कायम आठ-दहा गडीमाणसं उभी, मी चिठ्ठी सरकवायची, इसबगोल घ्यायचा आणि निघायचं.

सगळ्यात वाईट ते डोक्याचं झालं. नातवानं सतराचा पाढा विचारला. तीस-पस्तीस वर्षं ज्या बाईनं पोरांकडून पाढे घोकून घेतले ती सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत आली, आणि पुढं कोरं. पाटीच पुसल्यासारखं. पोरगं हसलं. सून नाही हसली, तिनं मुलाकडं बघितलं. त्या रात्री भिंतीपलीकडं दोघं हळू आवाजात बोलत होते, "आईंचं आता असंच होत जाणार." डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, वय झालं बाई, चालायचंच. अठ्ठावन्नला सरकारनं रिटायर केलं आणि एकोणसाठला ह्यांनी माझी बुद्धीच निकाली काढली.

आता तो दिवस.

मागच्या येळवशीला घरचे सगळे शेतात गेले. आमच्या लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, कर्फ्यू लागल्यागत. डाळी-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, कडब्याच्या कोपीतली पूजा, सगळं शेतात. मी गेले नाही. आदल्या दिवशी न्हाणीत तोल जाऊन पडले होते, बांधावरून चालायची हिंमत नव्हती. दुपारी एकटीला घर खायला उठलं, पोटही फुगलेलं, म्हणून भिंती धरत धरत तुमच्या दुकानापर्यंत आले. सगळ्या लाईनीत तेवढंच शटर वर. मालक शेतात गेलेले, तुम्ही पगारावरचे म्हणून मागं.

मी इसबगोल मागितला. तुम्ही दिला नाही. माझ्याकडं बघितलं, आणि काउंटरची ती उचलायची फळी वर करून बाहेर आलात.

भाऊ, तुम्हाला हे आठवतही नसेल. पण माझ्या लेखी सगळं त्या फळीत आहे. वर्षभरात जितक्या माणसांसमोर मी माझं दुखणं मांडलं, तितक्यांच्या आणि माझ्या मधे काहीतरी आडवं होतं. टेबल, काच, मोबाईल, फाईल. ते बाजूला करून माझ्या जवळ येणारे पहिले तुम्ही. पायरीवर बसलात, मलाही बसवलंत. आणि इकडंतिकडं न करता विचारलंत, "बाई, संडासला किती दिवस झाले?" मास्तरणीला असं विचारायला छाती लागते. मी सांगितलं. मग चक्कर, सूज, तोंड, पाढा, सगळंच सांगितलं. तुम्ही म्हणालात, सगळ्या गोळ्या घेऊन या. नंतर मीच जाऊ का, म्हणून स्वतःच उठलात, कुलपाची किल्ली घेऊन माझ्या घरून पिशवी आणलीत. शटर तसंच उघडं होतं. राखण मी केली!

कालचा पेपर पसरून त्यावर पाकिटं मांडलीत. लातूरची एक, नांदेडची एक. वरची नावं वेगळी, रंग वेगळे. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलेलं असतं त्याच्याखाली तुम्ही अंगठ्याचं नख धरलंत. प्रेगाबॅलिन 75. दुसऱ्यावरही प्रेगाबॅलिन 75, सोबत नॉर्ट्रिप्टिलिन. म्हणजे एकच औषध दोन नावांनी मी दिवसातून तीनदा खात होते. गुंगी, तोल जाणं, धूसर दिसणं, सूज, वजन, शब्द न सापडणं, हे त्या पहिल्याचं. तोंड वाळणं आणि पोट आवळणं दुसऱ्याचं. बाकीच्या गोळ्या म्हणजे ह्या दोघांची खरकटी काढणाऱ्या.

आणि मग तुम्ही म्हणालात, "बाई, तुम्ही विसरभोळ्या झाल्या नाहीत. हे बहुतेक औषधाचंच आहे."

मी त्या पायरीवर किती वेळ रडले ते तुम्हाला ठाऊक. बरं झालं गाव शेतात होतं.

ह्यावर कुणीतरी म्हणणार, मेडिकलवाल्यानं डॉक्टरकी करू नये. त्यांच्यासाठी सांगते, केली नाहीच. मी त्याच संध्याकाळी सगळं गटारीत टाकायला निघाले होते. तुम्ही अडवलंत, "एकदम बंद केलं की झोप उडते, घाम सुटतो, दुखणं दुप्पट होऊन येतं. कमी करायचं तर हळूहळू, आणि ते डॉक्टर ठरवतील, मी नाही." गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर सगळं लिहून दिलंत, कुठली गोळी, कधीपासून, काय काय त्रास. पुठ्ठा बघून लातूरचे डॉक्टर आधी म्हणाले, हे कुणी लिहिलं? मग दोनदा वाचलं आणि न बोलता रेघा मारल्या. पुढचं सांगत बसत नाही. फेब्रुवारी सरता सरता चपला परत पायात जाऊ लागल्या. होळीला मी नातवाला एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला, सूनबाई ऐकेल असा. आग अजून आहे. रात्रीची एक गोळी आहे, सकाळी तोंड थोडं कोरडं असतं. ते मी सोसते, कारण आता कशानं होतंय ते मला माहीत आहे.

1993 च्या सप्टेंबरात भूकंप झाला तेव्हा मी नवी शिक्षिका होते. किल्लारीकडं कुठून कुठून माणसं धावून आली, ते ह्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून मला वाटायचं, आपली माणसं चांगलीच आहेत. ती आहेतच. पण गाव कोसळलं की धावणारी माणसं वेगळी आणि एका म्हातारीला संडासला होत नाही एवढ्यासाठी पायरीवर बसणारा वेगळा. त्याचा फोटो येत नाही, सत्कार होत नाही, त्या दिवसाचा गल्लाही बुडतो. तुम्ही त्या दिवशी मला एका रुपयाचं काही विकलं नाही, मी हिशेब केलाय. तुम्ही माझे विद्यार्थी असता तर शाळेचे संस्कार म्हणून थोडं श्रेय मीच लाटलं असतं. तेही नाही. तुमच्या आईनं काय खाऊ घातलं ते एकदा विचारायचंय.

यंदा मी शेतात जाणार आहे. भज्जी मी करणार, सुनेला सांगून ठेवलंय. मालक ह्याही वर्षी तुम्हालाच दुकानावर बसवणार, हे ठाऊक आहे. दुपारी माझा मुलगा मोटारसायकलवर डबा घेऊन येईल. भज्जी, दोन उंडे आणि बाटलीत आंबील. आंबील जरा आंबट असेल, गूळ वेगळा देईन. डबा परत करायची घाई नाही.

तुमची,
गोळ्यांच्या पिशवीवाल्या बाई