ज्येष्ठांचा सत्कार नको, टाइम लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की ठाण्यात आणि इकडे नवी मुंबईत रविवारी कुठे ना कुठे सायकलचा इव्हेंट असतो, आणि त्यात "ज्येष्ठ नागरिक" असा एक गट असतोच. त्या गटाचं नक्की काय करतात ते एकदा नीट बघा. छोटीशी फेरी, पुढे पायलट गाडी, मागे अँब्युलन्स, शेवटी टोपी, मेडल, पाहुण्यांबरोबर फोटो. वेळ कोणीच लावत नाही. बाकीच्या गटांचा निकाल मिनिट-सेकंदासकट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि आमच्या गटापुढे लिहिलेलं असतं "सर्वांनी उत्साहाने सहभाग घेतला". मी एकसष्ट वर्षांची आहे, बँकेतून रिटायर झाले, नेरुळला राहते, पहाटे सायकल चालवते, आणि हे मला मनापासून खुपतं म्हणून हे पत्र.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट, आयोजकांचं नाव घेत नाही. फॉर्मवर वयाचा शेवटचा रकाना होता "पन्नास आणि पुढे". म्हणजे पन्नाशीचा माणूस आणि आमच्या ग्रुपमधले एकाहत्तर वर्षांचे काका एकाच रकान्यात. हे काका एमआयडीसीत फिटर होते, आयुष्यभर शिफ्टला सायकलने गेले, आजही त्यांची सायकल स्टीलचीच आहे पण अशी ठेवलेली की चेनवर बोट फिरवलं तर काळं लागत नाही. त्यांच्याकडे एक जुनी डायरी आहे, तीत पेन्सिलने तारीख, अंतर, वेळ आणि शेवटी वारा कसा होता ते लिहितात, "आडवा", "समोरून", "पडलेला". तर त्या दिवशी स्टार्टला उभे असताना काकांनी विचारलं, घड्याळ कुठून सुरू धरायचं? समोरचा मुलगा, चांगलाच होता बिचारा, प्रेमानेच म्हणाला, "काका तुम्ही आरामात या हो, तुम्हाला कशाला टाइमचं टेन्शन". काका काही बोलले नाहीत. त्या दिवशी डायरीत त्यांनी काही लिहिलंही नाही, कारण फेरीत दोनदा थांबवून पाहुण्यांची भाषणं झाली होती, वेळेला काही अर्थच उरला नव्हता.

माझं म्हणणं इतकंच आहे की वय झालेल्या माणसाला स्पर्धा करायची असते हे आपण मान्य करायला हवं, आणि त्यासाठी टाइम ट्रायल हा प्रकार आपल्याकडे नियमित सुरू करायला हवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टाइम ट्रायल म्हणजे सगळ्यांनी एकदम सुटायचं नाही. एकेक जण, साधारण एकेक मिनिटाच्या अंतराने सुटतो. स्टार्टला एक माणूस मागून सीट धरून उभा राहतो, म्हणजे दोन्ही पाय पॅडलवर ठेवून तयार राहता येतं, दुसरा समोर पाच बोटं दाखवून एकेक मिटत जातो, आणि मूठ झाली की निघायचं. दुसऱ्याच्या चाकामागे चाक लावून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही, पुढच्याला गाठलंत तर बाजूने सरळ पुढे जायचं. ठरलेल्या जागी वळसा मारून परत यायचं. सर्वात कमी वेळ ज्याचा तो जिंकला. बस, एवढंच आहे.

आणि आमच्या वयाला हाच प्रकार सर्वात जास्त मानवतो असं माझं ठाम मत आहे. घोळक्याच्या रेसमध्ये चाकाला चाक लागतं आणि मागचे दहा जण एकावर एक पडतात, तरुण मुलगा पडला तर खरचटतं नाहीतर फार तर कॉलर बोन जातं, आमचं खुब्याचं हाड मोडलं तर वर्ष जातं आणि कधी कधी माणूसच उठत नाही. इथे तुमच्या आजूबाजूला कोणी नसतं. पुढच्याने कधी ब्रेक मारला, कोण कुठून घुसलं हे बघायचं नाही, आपला रस्ता, आपला श्वास आणि आपलं घड्याळ.

ब्रिटनमध्ये हे सव्वाशे वर्षांहून जास्त चाललंय. तिकडे १८९० च्या दशकात रस्त्यावरच्या घोळक्याच्या रेसवर तिथल्याच सायकल संघटनेने बंदी घातली होती, कारण घोडागाडीवाल्यांच्या तक्रारी आणि पोलिसांची धास्ती. तेव्हा १८९५ मध्ये बिडलेक नावाच्या गृहस्थांनी ही युक्ती काढली, एकेकाला सोडा म्हणजे रेस चाललीय हे कोणाच्या लक्षातच येणार नाही. पहाटे उजाडता उजाडता जमायचं, अंगभर काळे कपडे घालायचे, रस्त्याचं नाव उघड न करता कोडमध्ये कळवायचं. हे कोड तिकडे आजही वापरतात. म्हणजे रस्ता मिळत नाही, पोलीस परवानगी देत नाहीत ही आपलीच अडचण त्यांना आपल्या आधी आली होती, आणि त्यातूनच हा खेळ उभा राहिला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिकडे चाळीशीच्या पुढच्यांची वेगळी टाइम ट्रायल संघटना आहे, आणि त्यांची निकालाची पद्धत मला फार आवडते. प्रत्येक वयासाठी प्रत्येक अंतराची एक स्टँडर्ड वेळ ठरलेली असते, वय एका वर्षाने वाढलं की ती वेळ थोडी वाढते, बायकांची वेगळी. तुम्ही आपल्या स्टँडर्डपेक्षा किती आधी आलात तेवढे तुमचे प्लस. समजावण्यापुरते आकडे घेते, समजा वीस किलोमीटरला साठीच्या माणसाचा स्टँडर्ड ४२ मिनिटं धरला आणि एकाहत्तरीचा ४७. साठीचा गडी ३९ मध्ये आला तर त्याचे तीन मिनिटं प्लस, आमचे काका ४३ मध्ये आले तर त्यांचे चार, आणि निकालात काका वर. कोणी कोणावर दया केली नाही, कोणाला सवलत दिली नाही, हिशोब सगळ्यांसमोर आहे. "पन्नास आणि पुढे" या एका रकान्यात सगळ्यांना कोंबण्यापेक्षा हे किती न्याय्य आहे सांगा.

या वयात कसली स्पर्धा असं ज्यांना वाटतं त्यांना मी फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांचं उदाहरण देते. जन्म १९११ चा. सायकल परत मनावर घेतली ती साठी ओलांडल्यावर. शंभरी पार केल्यावर त्यांनी ट्रॅकवर एका तासात जास्तीत जास्त किती अंतर जाता येतं याचा रेकॉर्ड केला, मग १०२ व्या वर्षी, २०१४ मध्ये, तो वाढवून २६.९२७ किलोमीटर केला. मधल्या काळात वेरोनिक बिया नावाच्या प्राध्यापिकेने त्यांचा ट्रेनिंग प्लॅन आखला होता, वर्षाला पाच हजार किलोमीटरच्या आसपास, त्यातलं ८० टक्के अगदी आरामात आणि २० टक्के दमवणारं. १०१ ते १०३ या दोन वर्षांत त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता, ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती १३ टक्क्यांनी वाढली. वाढली हो, घटली नाही. नुसती आरामात फेरी मारून हे झालं नसतं, ते २० टक्के होते म्हणून झालं. पुढे २०१७ मध्ये १०५ व्या वर्षी ते परत उतरले आणि तासात २२.५४७ किलोमीटर गेले, आणि उतरल्यावर त्यांची तक्रार काय, तर शेवटची दहा मिनिटं उरल्याची पाटी मला दिसली नाही, नाहीतर अजून जोरात मारली असती. या माणसाला जाऊन कोण सांगणार होतं की आजोबा टाइमचं टेन्शन घेऊ नका.

बायकांचं तर अजून वेगळं. आमच्या सोसायटीत मला अजून विचारतात की घरी सून आली, आता कशाला ते हेल्मेट घालून फिरता. अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायलचं गोल्ड घेऊन गेली, सलग तिसरं, आणि दुसऱ्या दिवशी तिचा त्रेचाळिसावा वाढदिवस होता, घरी लहान मुलगा. त्याच वर्षी अँबर नेबेन एकेचाळीसाव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, तीही याच प्रकारात. झटकन सुटायचा वेग वयाबरोबर आधी जातो पण एका लयीत दम टिकवायची ताकद बराच काळ राहते, आणि टाइम ट्रायलला तीच लागते.

लंडन आणि बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलवाल्यांचा अभ्यास छापला, त्यात निवडीची अटच होती की पुरुषांनी १०० किलोमीटर साडेसहा तासांच्या आत करायला हवेत आणि बायकांनी ६० किलोमीटर साडेपाच तासांच्या आत. या लोकांचे स्नायू वयाच्या मानाने टिकलेले होते आणि रोगाशी लढणाऱ्या टी पेशी बनवण्याचं काम तरुणांसारखं चालू होतं. ही माणसं वर्षानुवर्षं सायकल चालवणारी होती, एका रविवारच्या फेरीने हे होत नाही, आणि रोज पहाटे उठवायला काहीतरी ध्येय लागतं. पुढच्या महिन्यात ट्रायल आहे आणि मागच्या वेळेपेक्षा वीस सेकंद कमी करायचेत, असं असलं की माणूस अलार्मच्या आधी उठतो.

आता रस्त्याचं. नवी मुंबईतला पामबीच मार्ग आम्हाला जीव की प्राण आहे, सपाट, रुंद, एका बाजूला खाडी, आणि हिवाळ्यात पहाटे आडवा वारा असतो तो सोडला तर टाइम ट्रायलसाठी याच्यापेक्षा चांगला रस्ता या भागात नाही. पण याच रस्त्यावर २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे इंटेल या कॉम्प्युटर कंपनीचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी नेरुळजवळ सायकल चालवत असताना मागून आलेल्या कॅबच्या धडकेत गेले. वय ६८. सोबत सायकलवाले मित्र होते. त्या सकाळनंतर आमच्या ग्रुपमधल्या काही जणांना घरच्यांनी पामबीचवर जायला बंदीच केली आणि त्यांना मी काय म्हणणार. आम्ही टाइम मोजायचा तर चालू ट्रॅफिकमध्ये मोजायचा का? सिग्नल तोडायचा का? मी तरी तसं करणार नाही आणि कोणाला करू देणार नाही. म्हणूनच बंद रस्ता हवा.

धावण्याच्या स्पर्धांसाठी पामबीचची एक बाजू पहाटे बंद झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे, मग महिन्यातून एका रविवारी उजाडल्यापासून दोन तास मोराज सर्कल ते किल्ला जंक्शन एक बाजू सायकलला द्यायला काय हरकत आहे. मिनिटाला एक जण सोडला तरी तासात साठ जण सुटतात. वेळ आपोआप नोंदणारी चिप वगैरे भानगड लागत नाही, दोन स्टॉपवॉच, वळशाला रस्त्यावर ठेवतात तो प्लास्टिकचा कोन आणि दोन व्हॉलंटियर, अँब्युलन्स, झालं. ठाण्यात घोडबंदर रोडला ट्रक आणि खोदकामात हे शक्य नाही, तिथे येऊरची चढण छोट्या ट्रायलला चांगली आहे, चढावर वेग कमी त्यामुळे पडायची भीती कमी, उतरताना मात्र टाइम लावायचा नाही. आणि येऊर जंगल आहे, तिथे डीजे, स्टेज, फुगे काही नको, शांतपणे चढायचं आणि खाली यायचं.

काळजी घ्यायला हवी ती घ्याच, तिथे माझा काही वाद नाही. साठीच्या पुढच्यांना हृदयाची स्ट्रेस टेस्ट आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट कंपलसरी करा. बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर हार्ट रेट वर चढतच नाही, घड्याळावरचे हार्ट रेटचे झोन, म्हणजे किती जोर लागतोय त्याचे टप्पे, बघून माणूस फसतो, हे डॉक्टरांना विचारून आधी समजून घ्यायला हवं. नुसत्या सायकलने हाडं मजबूत होत नाहीत, कारण सगळं वजन सीटवर असतं, म्हणून आम्ही आठवड्यातून दोनदा वजनं उचलतो, बायकांनी तर नक्कीच उचलावीत. आणि ट्रायल नोव्हेंबर ते फेब्रुवारीच ठेवा, मार्चनंतर इथली दमट हवा अशी की घाम सुकत नाही आणि अंग तापत राहतं.

अजून एक, साध्या सायकलचा गट वेगळा ठेवाच. वेग वाढला की सगळी लढाई हवेशी असते, तीसचा स्पीड तेहेतीस करायचा तर हवेला कापायची ताकद एक तृतीयांश जास्त लागते, म्हणून पैसेवाले लाखो रुपयांची एरो सायकल आणि टोकदार हेल्मेट आणतात. आणू देत, पण त्यांचा निकाल वेगळा लावा. नाहीतर पेन्शनवर जगणारा माणूस पहिल्याच दिवशी परत जाईल.

दोन्ही महापालिका आणि ट्रॅफिक पोलीस यांनी या थंडीत एक तरी ट्रायल करून बघावी ही विनंती. व्हॉलंटियर म्हणून आमचा ग्रुप उभा राहील, वळशावर मी स्वतः थांबेन. आणि संपादक साहेब, तुम्हाला एक वेगळी विनंती, ट्रायल झाली तर सत्काराचा फोटो नाही छापलात तरी चालेल, निकाल छापा, नाव, वय, वेळ आणि प्लस, शेवटच्या नंबरापर्यंत सगळ्यांचा.

आपली,
एक सायकलस्वार वाचक
नेरुळ, नवी मुंबई