आबांनी तीन नंबरचा बेड धरलाय

पम्या मर्दा,

चार महिने फोन नाही की मेसेज नाही, शिव्या घाल, पण आधी वाच. माझी शुगर आहे तशीच, बाकी बरंय.

माडीवर सहा बेड टाकले तेव्हा तूच हसला होतास, म्हणालास अंबाबाईला माणूस बायकापोरं घेऊन येतं, डॉर्मेटरीत कोण मरायला येतंय. येतंय की रे! एकटं येतं. हॉटेलात एकट्यालाही डबल रूमचेच पैसे पडतात, आपल्याकडं चारशेत बेड, लॉकर आणि गरम पाण्याची बादली. (बादलीवरनं आठवलं, बोर्डिंगात माझी बादली तूच वापरायचास, अजून कबूल केलेलं नाहीस.)

मला वाटायचं स्वस्त पडतं म्हणून येतात. पण गेल्या आठवड्यात नागपूरचे एक काका आले, रिटायर्ड, हातात भारी घड्याळ, कुठल्याही हॉटेलात आरामात राहिले असते. मी आपलं विचारलंच. तर म्हणाले, हॉटेलात कडी लावली की टीव्हीशीच बोलायचं, इथं निदान कोण घोरतंय ते तरी कळतं. दुसऱ्या दिवशी ते, केरळचा एक सायकलवाला पोरगा आणि सोलापूरचे दोघं, चौघांत मिळून जीप केली, ज्योतिबा करून पन्हाळा. आदल्या रात्रीपर्यंत एकमेकांचं नाव माहीत नव्हतं. एकट्यानं जीप केली असती तर भाडं बघूनच परत फिरला असता.

आणि आता आबा. आई गेल्यापासनं खाली कुणाशी बोलत नव्हते तुला माहितीये. हल्ली संध्याकाळ झाली की काठी टेकत माडीवर. येईल त्याला शाहू महाराज ऐकवतात, १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैनांचं, मुस्लिमांचं, लिंगायतांचं, आमचं कोल्हापूर पहिल्यापासनंच वसतिगृहांचं गाव, हा पोरगा काय नवीन करतोय! मंगळवारी रात्री बीपीची गोळी द्यायला गेलो तर खाटेवर आबा नाहीत. पोटात गोळाच आला. वर पळालो, तर तीन नंबरच्या खालच्या बेडवर आडवे, चष्मा उशीखाली, समोरच्या बेडवर नागपूरचे काका, आणि दिवा बंद करून दोघं हळूहळू बोलतायत, पोरं मास्तरला घाबरून बोलतात तसं. मी गोळी देऊन गुपचूप खाली आलो. तेव्हापासनं रोज तिथंच झोपतात. एका पोरीनं ऑनलाइन दोनच स्टार दिले, लिहिलंय आजोबा अकरापर्यंत बोलतात. खरंच बोलतात रे, तिचं काय चुकलं?

दादाचं म्हणणं पार्टिशन घाल, अटॅच बाथरूमच्या दोन एसी रूम काढ, पंधराशे धरले तरी तीन हजार. सहा बेडचे चोवीसशे, ते पण नवरात्रात नाहीतर किरणोत्सवाला, एरवी निम्मे रिकामे. हिशोब त्याचाच बरोबर आहे आणि तीच तर पंचाईत आहे. आबांना झोप लागते, हे त्याच्या एक्सेलमध्ये कुठल्या कॉलमात टाकू?

तुलाच लिहितोय कारण पुण्यात तुला स्वतंत्र रूम मिळाली तेव्हा महिनाभर रोज रात्री एसटीडीवरनं फोन करायचास. सांगायचास पगाराचं, आणि विचारायचास माझ्या शेजारच्या कॉटवर आता कोण झोपतंय. तेव्हा मी लई हसलो होतो. खिडकीजवळच्या कॉटवरनं भांडून आपण सहा महिने बोललो नव्हतो, आणि हा गडी त्याच खोलीसाठी झुरतोय!

वहिनींच्या ट्रान्सफरचं झालं का? चिनूची दहावी यंदाच ना? कळव.

रविवारी दादा मिस्त्री घेऊन मापं घ्यायला येतोय. तू शनिवारी ये. त्याच्यासमोर माझ्या तोंडातनं शब्द फुटत नाही, तू बोलशील. बेड आहेत, तीन नंबर सोडून कुठलाही घे. बादली स्वतःची आण.

तुझा,
बाळ्या