रात्रीच्या सोबतीला माणसं हवीत, आणि जुन्या सुती साड्या

नमस्कार.

दुपारी वॉर्डात जेवणाचं ताट येतं. आमटी, भात, चपात्या. तोंडात आणि घशात पांढरी बुरशी धरलेल्या माणसाला त्यातला घास उतरत नाही. तासाभराने मावशी ताट उचलतात, तसंच भरलेलं. शेजारी बसून कोमट पेज चमच्याने भरवली, तर हाच माणूस अर्धी वाटी खातो. वेळ मात्र पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास देणारं कुणी नसतं.

आमच्या मंडळाचा रुग्णसेवा गट जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एड्सच्या रुग्णांसाठी हे काम करतो. हात कमी पडताहेत, म्हणून हे आवाहन.

सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांचा उपचार, १ एप्रिल २००४ पासून सुरू केली. नेमाने गोळ्या घेणारे कितीतरी जण आज कामाधंद्याला जातात. भरती होतात ते उशिरा तपासणी झालेले, नाहीतर गोळ्या मध्येच सुटलेले. सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली, जोडीला टीबी, मेंदूज्वर किंवा थांबायचं नाव न घेणारे जुलाब. अंगात उठून बसायचं बळ नसतं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडावर जखम होते. ओलं लगेच बदलावं लागतं, तोंड पुसावं लागतं, ओआरएस घोटघोट पाजावं लागतं. इतर खाटांवर हे सगळं नातेवाईक करतात. या खाटांजवळ बऱ्याचदा कुणी फिरकत नाही. सिस्टर मायेने करतात हो, पण रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीच्या अंगावर असला, तर ती कुणाकुणाला वळवणार?

म्हणून आधी माणसं हवीत. आठवड्यातून एक रात्र, किंवा दुपारच्या जेवणाची वेळ. कूस कशी बदलायची, हातमोजे कधी घालायचे, हे आम्ही शिकवू. सुई, सलाइन यांना हात लावायचा नाही, ते काम सिस्टरांचं. हात धरल्याने, भरवल्याने, अंग पुसल्याने एचआयव्ही लागत नाही. उलट तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, तो त्यांना महागात पडतो. टीबीच्या रुग्णाजवळ एन-९५ मास्क लावायचा, तो आम्ही देऊ.

वस्तूंमध्ये मोठ्यांचे डायपर, रबरी शीट, हातमोजे, ओआरएसची पाकिटं, खोबरेल तेल आणि नाचणीचं पीठ लागतं. एअर बेड सध्या एकच आहे, आणखी तीन हवेत. ज्यांना रक्कम द्यायची आहे त्यांनी ती एअर बेडसाठीच द्यावी, पावती मिळेल.

काही देणगीदार फोटो मागतात. तो मिळणार नाही. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची ओळख उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी आम्ही फोटो काढला नसता. सोबतीला येणाऱ्यांनीही 'कसा झाला?' हे विचारू नये. गावाकडचं विचारा, पावसापाण्याचं बोला.

मंडळाचं कार्यालय रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं. साड्या सुतीच आणा, खाटेवर आडव्या अंथरायला लागतात. धुवून आणा, आणि काठ काढून. काठ पाठीला रुततात.