काटा तांबड्यात होता, इंजिन नव्हतं

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं, ठेवू का?" म्हणून मोकळे होता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

गाडी सुरू करून दहा मिनिटं होत नाहीत तोच तापमानाचा काटा तांबड्यात. बॉनेट उघडावं तर ना वाफ, ना वास, कूलंट जिथल्या तिथे. घाबरून मी आधी थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला, मग काट्याला तापमान कळवणारा सेन्सर. गळती नको म्हणून नव्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार घट्ट वेढे दिले. (हा पराक्रम तुमच्यापासून दोन दिवस लपवला होता.) त्यानंतर काटा कधी तांबड्यात, तर कधी तळाला निपचित.

तुम्ही मात्र पहिल्यांदा मला काट्यावर अविश्वास दाखवूच दिला नाहीत. "आधी इंजिन खरंच तापलंय का ते बघ, आणि गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस." इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅट बसतो त्या धातूच्या घरावर धरला तर 50 अंशांच्या आसपास. मी खूश! तुम्ही म्हणालात, चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमीच दाखवतो, काळी टेप चिकटव. चिकटवली, आकडा आला 88. म्हणजे नेहमीइतकंच तापलेलं, इंजिन ठणठणीत होतं.

मग विचारलंत, "पेट्रोलचा काटा काय म्हणतोय?" मला वाटलं तुमच्या ऐकण्यात चूक झाली. टाकी अर्धी होती आणि काटा जवळजवळ पूर्ण. ते मी महिनाभर बघत होतो आणि गाडी कमी पितेय म्हणून मनातल्या मनात तिचं कौतुक करत होतो.

दोन्ही काटे एकदम वर गेलेत, तर दोघांत सामाईक काय ते शोध, एवढंच तुम्ही सांगितलंत. सामाईक होती डॅशबोर्डमागची पत्र्याची इवलीशी डबी, व्होल्टेज स्टॅबिलायझर. बॅटरीचे 12 ते 14 व्होल्ट खालीवर होत राहतात. डबीतली पट्टी तापून-निवून संपर्क सतत तोडते-जोडते आणि काट्यांना सरासरी 10 व्होल्ट पोचवते. पण ती तापायला डबीला 'अर्थिंग' लागतं, म्हणजे तिच्या स्क्रूमधून गाडीच्या पत्र्याशी विजेची जोडणी. ती सुटली की पट्टी गारच राहते, संपर्क जोडलेलाच राहतो आणि बॅटरीचा सगळा दाब काट्यांवर येतो.

पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून डबीचा एकुलता एक स्क्रू काढला. त्याखाली गंजाचा तपकिरी पापुद्रा होता. पॉलिश पेपरने पत्रा उजळ केला, स्क्रू आवळला, चावी फिरवली. पेट्रोलचा काटा सावकाश, अगदी सावकाश उतरत अर्ध्यावर येऊन थांबला. पेट्रोल कमी झाल्याचा एवढा आनंद मला आजवर झाला नव्हता.

तापमानाचा काटा मात्र आता इंजिन गरम होऊनही उठेना. तुमच्या सांगण्यावरून सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवली आणि काटा लगेच चढू लागला. म्हणजे काटाही बरा, वायरही बरी. राहिला सेन्सर, आणि तेव्हा कुठे मी टेपची कबुली दिली. तुम्ही हसलातसुद्धा नाहीत. "एका वायरच्या सेन्सरमध्ये विजेची परतीची वाट आट्यांतूनच असते. तीच गुंडाळून ठेवलीस की रे." सेन्सरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटरवर रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जवळजवळ शून्य ओम हवा होता. माझ्याकडे आकडा शेकड्यांत नाचत होता.

टेप सोलली, आटे ब्रशने साफ केले. पण नवा बसवण्याआधी, तुम्ही न सांगताच, जुना सेन्सर शोधून काढला आणि पातेल्यात टांगून पाणी उकळलं. गार असताना 700 ओमच्या आसपास असलेला रोध पाणी तापेल तसा घसरत गेला, उकळी फुटली तेव्हा 60 सुद्धा नव्हता, आणि तो असाच घसरायला हवा. बिचारा पहिल्यापासून निर्दोष होता! त्यालाच पुन्हा जागेवर बसवलाय, तांब्याच्या नव्या वॉशरवर, टेपशिवाय. नवा खणात ठेवलाय, तुम्हाला कधी लागला तर सांगा.

मनापासून आभार. आता ठेवा फोन.

तुमचा,
टेपवाला