वहिनीसाठी मासे घेताना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वहिनीला चौथा महिना लागलाय, म्हणून बाजाराला निघण्याआधी हे वाचा. मासे बंद करू नका, बाळाच्या मेंदूला ते हवेतच. फक्त मोरी (शार्क) आणि थोराड इसवण (सुरमई) तिच्या ताटात नको.

कारण पारा. कोळशाच्या धुरातून वगैरे तो समुद्रात उतरतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचा मिथाइल-पारा, म्हणजे अंगात साठणारं विषारी रूप, करतात. तो प्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून, तारल्यांत, तारल्यांतून इसवणात आणि मोरीत जातो. खाल्लेलं अन्न खर्ची पडतं, पारा मात्र मांसातल्या प्रथिनांना धरून राहतो. मोरी वर्षानुवर्षं जगते आणि तेवढी वर्षं तो साठवत राहते. मोठ्या शिकारी माशात तो पाण्यातल्यापेक्षा लाखो पटींनी जास्त असतो.

आई, हळद-मीठ लावून, आगळात ठेवून किंवा तळून तो जात नाही. तळताना पाणी आटतं, त्यामुळे तुकड्यातलं प्रमाण उलट वाढतं. चरबी काढली तर डीडीटीसारखी द्रव्यं कमी होतात, कारण ती चरबीत साठतात. पाऱ्याला तो उपाय लागू नाही.

बाबा, हिशेब तुम्हीच पडताळून बघा. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल-पारा अशी आहे. वहिनी ६० किलोची धरली तर ९६ मायक्रोग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने २०१८ मध्ये मोरीसाठी किलोला १.६ मिलिग्रॅम ही कमाल पातळी ठरवली. तेवढा पारा असलेल्या मोरीचे ६० ग्रॅम, म्हणजे एक तुकडा, खाल्ले की आठवड्याचा वाटा संपला! किलोला ०.०५ मिलिग्रॅम असलेला लहान मासा मात्र तेवढ्यात जवळजवळ दोन किलो बसतो.

शरीरातला निम्मा पारा जायलाच साधारण ५० दिवस लागतात आणि तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. जपानातल्या मिनामाता इथे १९५६ साली या पाऱ्याच्या विषबाधेचा आजार उघडकीला आला. तिथे फारशी लक्षणं नसलेल्या आयांच्या पोटीही मेंदूला इजा झालेली मुलं जन्मली.

तिसऱ्या-शिनाणे हे शिंपले पाणी गाळून जगतात, म्हणून जेटीजवळचे, होड्या रंगवतात तिथले घेऊ नका. रात्रभर पाण्यात ठेवून वाळू सुटते, शिसं-कॅडमियम हे विषारी धातू सुटत नाहीत. कुर्लीच्या कवचातला तपकिरी गर काढून टाका, कॅडमियम तिथेच जास्त असतं.

तारले, बांगडे, लेपो, सुंगटं आठवड्यातून दोन-तीनदा तिला खुशाल द्या. नीट शिजवा मात्र.

तुमची लेक